केमोचं विष आणि सदाफुलीचं झाड

लक्ष्मणफळाचा तो मेसेज पुन्हा फिरायला लागलाय. मजकूर थोडक्यात असा: हे फळ कर्करोगावर केमोपेक्षा 10,000 पट प्रभावी आहे, औषध कंपन्यांनी पैशासाठी ते दडवून ठेवलं, झाडाचं असल्यामुळे अपाय शून्य, तेव्हा केमोचं विष सोडा आणि पानांचा काढा सुरू करा.

आधी तो आकडा. तो हवेतून आलेला नाही, म्हणूनच इतका चिवट आहे. 1996 मध्ये अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी या झाडाच्या बियांमधून काही संयुगं वेगळी काढली. त्यातलं एक संयुग, आतड्याच्या कर्करोगाच्या एका जातीच्या पेशींवर, ॲड्रियामायसिन या केमोच्या एका औषधापेक्षा 10,000 पट तीव्र ठरलं. प्रयोगशाळेतल्या बशीत. मेसेज होईपर्यंत बी जाऊन फळ आलं आणि बशीच्या जागी माणूस आला. बशीतल्या पेशी तर ब्लीचनेही मरतात. खरी पंचाईत पुढे असते: ते द्रव्य पुरेशा प्रमाणात गाठीपर्यंत पोचवायचं आणि वाटेतल्या चांगल्या पेशी जगू द्यायच्या.

काढ्याचं म्हणाल, तर सदाफुलीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. 1950 च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर ही वनस्पती मधुमेहावर चालते का, ते तपासत होते. उंदरांना अर्क काढ्यासारखा पाजला, रक्तातली साखर ढिम्म हलली नाही. मग तोच अर्क शिरेतून दिला, तर उंदीर आठवड्याभरात जंतुसंसर्गाने मेले, कारण त्यांच्या पांढऱ्या पेशीच खलास झाल्या होत्या! पांढऱ्या पेशी मारणारं द्रव्य ल्युकेमियात, म्हणजे रक्ताच्या कर्करोगात, कामाला येईल, हे त्यातून सुचलं. विनब्लास्टिन हे औषध सापडलं, मागोमाग विनक्रिस्टिन. लहान मुलांच्या ल्युकेमियात विनक्रिस्टिन आजही देतात. म्हणजे मेसेज ज्या केमोला शिव्या घालतो, तिच्यातली काही औषधं मुळात झाडाचीच आहेत.

म्हणूनच ‘दडवलं’ हा आरोप मला सगळ्यात पोकळ वाटतो. पॅसिफिक यू या झाडाच्या सालीचा नमुना 1962 मध्ये गोळा केला गेला, त्यातून निघालेल्या टॅक्सॉल या कर्करोगावरच्या औषधाला 1992 मध्ये परवानगी मिळाली आणि कंपनीने त्यावर अब्जावधी डॉलर कमावले. कंपन्या संत नाहीत, पण चालणारं झाड हाती लागलं की त्या ते लपवत नाहीत, बाटलीत भरून महाग विकतात. तक्रार करायचीच तर किमतीची करा.

‘केमो म्हणजे विष’ हे बाकी मान्य. पण मग ‘झाडाचं ते निर्धोक’ कसं? विनक्रिस्टिन शिरेऐवजी चुकून पाठीच्या कण्यात गेलं तर रुग्ण बहुधा वाचत नाही. जर्दाळूच्या बियांतल्या द्रव्यापासून केलेल्या लेट्राइलचाही असाच गाजावाजा झाला होता. 1982 मध्ये 178 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले: आजार हटला नाही, उलट काहींच्या रक्तातलं सायनाइड प्राणघातक पातळीच्या जवळ गेलं. खुद्द लक्ष्मणफळातलं ॲनोनॅसिन प्रयोगात चेतापेशी मारतं, हेही मेसेजमध्ये नसतं.

केमो, शस्त्रक्रिया असे नेहमीचे उपचार सोडून फक्त पर्यायी उपचार घेणाऱ्यांचा 2018 मध्ये एक अभ्यास आला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका अडीचपट निघाला.

यावर हमखास येणारं उत्तर: ‘सोडू नका, पण सोबत घ्यायला काय हरकत आहे?’ हरकत आहे. इरिनोटेकान हे केमोचं औषध एका चिनी झाडातल्या द्रव्यापासून बनवलेलं. सेंट जॉन्स वर्ट ही उदासीवर घेतली जाणारी वनस्पती. दोन्ही एकत्र घेतल्यावर काय होतं, हे 2002 मध्ये एका छोट्या अभ्यासात पाहिलं, तर रक्तातलं इरिनोटेकानचं कामाचं रूप 42 टक्क्यांनी घटलं. यकृत ते औषध वेगळ्याच वाटेने मोडू लागलं होतं. सलाईन तेवढंच, डोस तोच, आणि रुग्णाला याचा पत्ताही लागत नाही.