पात्रतेपुरता अपघात

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता असा काही वळतो की, समोरून येणारे वाहन आधी अंगावर येते आणि मग दिसते. तेथे एक गतिरोधक, एक बहिर्गोल आरसा आणि रस्ता ओलांडण्यासाठी चार पांढरे पट्टे असावेत, एवढीच आमच्या रहिवासी मंडळाची मागणी होती. अशा कामांसाठी सरकारी अनुदान मिळते, असे बैठकीत कोणीतरी सांगितले आणि माझे अक्षर चांगले असल्याचे दुसऱ्या कोणाच्या तरी लक्षात आले. अर्ज टंकलिखितच द्यायचा आहे, ही गोष्ट माझी एकमताने निवड झाल्यानंतर उघडकीस आली.

ठराव, नकाशा, अंदाजपत्रक, स्वहिश्श्याची हमी आणि अजून न मिळालेले पैसे नीट खर्च केल्याच्या उपयोगिता प्रमाणपत्राचा कोरा नमुना, ही जोडपत्रे मी महिनाभरात जमवली. मला खरी रंगत आली ती ‘उपाययोजनेचे शास्त्रीय समर्थन’ या रकान्यात. वाहनाचा वेग दुप्पट झाला की त्याची गतिज ऊर्जा चौपट होते, त्यामुळे ताशी ३० किलोमीटरऐवजी ६० किलोमीटर वेगाने आलेली गाडी दुपटीने नव्हे, चौपटीने महागात पडते, असे मी लिहिले. शिवाय १९२७ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या आर्थर कॉम्प्टन यांनी १९५३ साली आपल्या विद्यापीठाच्या आवारासाठी स्वतः गतिरोधकाची रचना केली होती, हा दाखलाही दिला. खिडकीमागच्या लिपिकांनी तो परिच्छेद दोनदा वाचला आणि या साहेबांचे शिफारसपत्र जोडावे लागेल, असे सांगितले. ते १९६२ सालीच वारल्याचे मी नम्रपणे निदर्शनास आणले. त्यावर, त्यांच्या जागी जे आले असतील त्यांचेही चालेल, अशी सवलत मला मिळाली.

अर्ज अडला तो मात्र पुढच्या पानावर. तेथे गेल्या तीन वर्षांतील अपघातांचा तक्ता होता: मृत, गंभीर जखमी, किरकोळ जखमी. आमच्याकडे सायकलवरून पडलेली मुले होती, थोडक्यात वाचलेल्या आजी होत्या आणि एका कोपऱ्यावर तीनदा खरवडली गेलेली भिंत होती; पण त्यांपैकी एकाचीही पोलिसांत नोंद नव्हती, कारण पडलेला माणूस आधी आजूबाजूला कोणी पाहिले का ते पाहतो आणि निमूटपणे घरी जातो. पैसे थोडे, मागणारे फार, तेव्हा जेथे जास्त माणसे दगावतात तेथे ते आधी जावेत, हे लिपिकांचे म्हणणे मलाही पटले, आणि तेच अधिक त्रासदायक होते. रस्त्यावर एकाही माणसाचा जीव जाता कामा नये, असे धोरण स्वीडनच्या संसदेने १९९७ साली स्वीकारले. आम्हीही अजाणतेपणी तेच पाळले होते आणि त्यामुळेच अपात्र ठरत होतो.

तरीही पाहणीसाठी पथक आले. दोनच दिवसांपूर्वी जलवाहिनीसाठी तो रस्ता आडवा खणून ठेवलेला होता, त्यामुळे वेग मोजण्याचे यंत्र घेऊन आलेल्या तरुणाला तासाभरात एक हातगाडी आणि दोन बैल एवढीच वाहतूक मिळाली. ‘वाहनांचा वेग समाधानकारक’ असा शेरा अहवालावर पडला. हातगाडीवाल्याला तो वाचून दाखवला असता, तर त्याने निश्चित फ्रेम करून लावला असता.

अखेर, चर भरल्यानंतर फेरपाहणीचा अर्ज करावा म्हणून मी स्वतःच टेप घेऊन वळणाची रुंदी मोजायला गेलो. मोजता मोजता मागे सरकलो, त्याच क्षणी वळणावरून एक दुचाकी आली आणि मी टेपसकट रस्त्यावर आडवा झालो. मला उचलायला धावलेल्या आमच्या मंडळाच्या सचिवांनी आधी पोलिसांना फोन लावला आणि मग पाणी मागवले. दवाखान्यात ते माझ्याबरोबर तो तक्ता घेऊनच आले होते. डॉक्टरांनी क्ष-किरण चित्र उजेडाकडे धरले, बराच वेळ निरखले आणि हसून म्हणाले, “नशीबवान आहात काका, हाड शाबूत आहे, नुसता मुका मार आहे.”

सचिवांनी पेनाचे टोपण हळूच लावले. “डॉक्टरसाहेब,” ते अत्यंत आर्जवाने म्हणाले, “पुन्हा एकदा नीट बघता का?”