‘दर्या दारात, रीफ घरात’ या फॉरवर्डला उत्तर

कोकणातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘मुंबई-पुण्याचे लोक समुद्री टाकीसाठी पाण्यासारखा पैसा घालवतात. आपल्या तर दारातच दर्या. भरतीला दोन कॅन पाणी भरून आणा, पुळणीवरची वाळू घ्या, ओहोटीला खडपावरून दगड आणि जिवंत पोवळी काढा. छोटीशी काचेची टाकी खिडकीत ठेवा. आपली पोवळी गरम समुद्रातलीच, त्यांना कूलर-बिलर लागत नाही. पाणी आटलं की मिठाचं पाणी घाला. पंधरा दिवसांत रीफ तयार!’ खाली, अर्थातच, ‘मराठी माणसापर्यंत पोहोचवा’.

रीफ म्हणजे इथे जिवंत पोवळ्यांची समुद्री टाकी. आधी पोवळ्यांचं, म्हणजे प्रवाळांचं किंवा कोरलांचं घेतो. बाकीच्या चुका टाकीतले जीव मारतात, ही चूक टाकीवाल्याला आत घालते.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून खडक बांधणारी सगळी प्रवाळं आहेत. सोबत काळं प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखे. वाघ ज्या अनुसूचीत आहे तीच ही. शिक्षा तीन ते सात वर्षं, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंड किमान २५,००० रुपये. ‘मी तोडलं नाही, ओहोटीला पडलेलं मिळालं’ हा बचाव चालत नाही, कारण बाळगणं हासुद्धा गुन्हाच आहे. मेलेला पांढरा तुकडाही त्यातच येतो. वास्तुदोष घालवायला ‘इंद्रजाल’ म्हणून फ्रेम करून विकतात ना, तो समुद्रपंखा किंवा काळं प्रवाळच असतो. ज्यांच्या दिवाणखान्यात ती फ्रेम आहे त्यांचे ग्रह तिच्यामुळे सुधारतील की बिघडतील, हे वनखात्याची गाडी दारात आल्यावर कळेल.

मालवणात तर आणखी एक गाठ आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा, पद्मगडापर्यंतचा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. म्हणजे ज्या खडपांवर पोवळी मुबलक दिसतात म्हणून मेसेज आपल्याला पाठवतो, तिथे हात लावायचीच बंदी.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी हिशेब बसत नाही. पोराइटीससारखं गोलसर प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतं. मुठीएवढा गोळा म्हणजे कित्येक पावसाळे. तो पारईने उचकटला की बुडाशी जखम होते, आणि ते जखमी जनावर आपण अशा टाकीत सोडणार जिला अजून घाण पचवणारे स्वतःचे जीवाणूही नाहीत. बाहेरून रंग आठवडाभर टिकतो, म्हणून लोकांना वाटतं, जगलं.

मग घरी काय ठेवायचं? मशरूम, झोआ, लेदर या नावांनी मिळणारी मऊ, दगडी सांगाडा नसलेली कोरलं. वरच्या यादीतल्या गटांत ती येत नाहीत, कमी उजेडात राहतात, पाण्यातले थोडे चढउतार सोसतात. टाकीतच वाढवलेल्या कोरलांचे छोटे तुकडे, म्हणजे फ्रॅग, दुकानात किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडे मिळतात. बिल मागायचं आणि जातीचं नाव लिहून घ्यायचं; ‘बाहेरून आलंय, कागदाची गरज नाही’ म्हणणाऱ्याकडून काहीच घ्यायचं नाही. झोआंबद्दल एक इशारा: त्यांच्यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. हातमोजे आणि चष्मा घालून हाताळा. झोआ चिकटलेला दगड गरम पाण्यात उकळू नका आणि कोरडा घासूही नका, वाफेतून किंवा धुळीतून ते थेट फुप्फुसात जातं.

आता पाणी. इथे मेसेज अर्धा बरोबर आहे आणि ते कबूल करायला हवं. समुद्राचं चांगलं पाणी कुठल्याही पाकिटातल्या सॉल्ट मिक्सपेक्षा (गोड्या पाण्यात विरघळवून समुद्राचं पाणी बनवायच्या मिश्रणापेक्षा) कमी नाही. त्याची क्षारता हजारी ३५, कॅल्शियम लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या थोडं वर, मॅग्नेशियम १,३०० च्या आसपास, अल्कलिनिटी, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, सात डिग्री (हे तापमान नव्हे, तिचं माप). कोरलाला हवं ते सगळं त्यात मोजून घातलेलं. पण हे उघड्या समुद्राचं पाणी. आपण कॅन भरतो ते किनाऱ्याचं, आणि कोकणचा किनारा म्हणजे दर दहा-पंधरा मैलांवर एक खाडी. बाणकोटला सावित्री, दाभोळला वाशिष्ठी, देवबागला कर्ली. जून ते सप्टेंबर या नद्या लाल माती आणि गोडं पाणी समुद्रात ओततात, आणि गोडं पाणी हलकं म्हणून वरच तरंगतं. काठावर उभं राहून कॅन बुडवणाऱ्याच्या वाट्याला नेमका तोच थर येतो. आगोटीच्या सुमाराला पुळणीवर डांबराचे गोळे येतात, पायाला चिकटले की रॉकेलनेच सुटतात. बंदराजवळ डिझेलचा तवंग. हिवाळ्यात कधी रात्री लाटा निळ्या चमकतात आणि लोक व्हिडिओ काढायला गर्दी करतात. ती चमक नॉक्टिल्युका या सूक्ष्म समुद्री जीवाची, आणि त्या जीवाच्या पेशीत अमोनिया साठलेला असतो. बघायला जरूर जा. कॅन घरीच ठेवा.

ज्यांना समुद्राचंच पाणी वापरायचंय त्यांनी डिसेंबर ते एप्रिल या काळात, खाडीच्या तोंडापासून आणि बंदरापासून लांब, भरती पूर्ण चढल्यावर, जमल्यास होडीतून थोडं आत जाऊन भरावं. दाट कापडातून गाळावं, झाकून अंधारात दोन आठवडे ठेवावं, रिफ्रॅक्टोमीटरने क्षारता मोजावी. एवढं सगळं करूनही तेच पाणी जुलैत मिळणार नाही, आणि पाणी तर दर आठवड्याला बदलावं लागतं. पाच महिने समुद्राचं आणि सात महिने पाकिटाचं, असं सतत बदलत राहण्यापेक्षा बारा महिने सॉल्ट मिक्स बरं.

आणि त्याचा खर्च किती? लिटरला साधारण ३७ ग्रॅम लागतं. १०० लिटरच्या टाकीत आठवड्याला १० लिटर बदललं तर महिन्याला दीड किलो. रीफ टाकीतल्या लहान खर्चांपैकी हा एक आहे. मेसेज वाचवतो तो हाच, आणि खरा खर्च कशावर होतो ते सांगतच नाही.

‘मिठाचं पाणी घाला’ या वाक्यात दोन घोटाळे आहेत. पहिला मिठाचा. शेजारी विचारतात, ‘दर्या दारात आसताना मीठ इकत कित्याक घेवचा?’ आणि दुसरे लगेच शिरोड्याच्या मिठागराचं नाव काढतात. मिठागरात काय होतं ते बघा. पाणी आटत जातं तसा आधी चुना खाली बसतो, मग जिप्सम, मग मीठ धरतं. ते ओढून घेतात, आणि मॅग्नेशियम, पोटॅशियम, ब्रोमाइड मागच्या कडू पाण्यात राहतं, ते सोडून देतात. म्हणजे चांगलं मीठ बनवण्याची सगळी कला कोरलाला हव्या त्या गोष्टी काढून टाकण्याची आहे. ते मीठ पुन्हा पाण्यात घातल्याने समुद्र होत नाही, मिठवणी होतं. कैरीला चालेल.

दुसरा घोटाळा जास्त घातक आहे. पाणी आटतं तेव्हा क्षार मागेच राहतात. म्हणून आटलेल्याची भरपाई नेहमी गोड्या पाण्याने करायची. ३० लिटरच्या टाकीत पंखा लावून रोज लिटरभर आटतं असं धरा. तेवढं खारं पाणी रोज घालत गेलात तर आठवड्यात ३५ ची क्षारता ४३ वर जाते. मासा कदाचित तग धरेल, कोरल आकसून बसेल. आणि गोडं पाणी म्हणजे विहिरीचंही नव्हे. आपल्या जांभ्याच्या विहिरींचं पाणी प्यायला गोड, पण त्यात लोह असू शकतं आणि गोठा जवळ असेल तर नायट्रेट. नळाच्या पाण्यात क्लोरीन. आरओच्या पुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषणाऱ्या दाण्यांचा) डबा जोडून टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, शून्यावर आणलेलं पाणीच घाला. घरातलं पिण्याचं आरओ बहुधा चव यावी म्हणून थोडे क्षार पुन्हा मिसळतं, ते उपयोगाचं नाही.

छोटी टाकी सोपी, हाही यातलाच भ्रम. जागा कमी लागते हे खरं. बाकी सगळं अवघड होतं. एक मासा मेला, एक दिवस आटलेलं पाणी भरायचं राहिलं, गणपतीला दोन दिवस गावी गेलात, की ३० लिटरचं गणित कोसळतं. १०० लिटरच्या आसपास सुरुवात करा.

आता तो ‘कूलर-बिलर’. उष्ण समुद्रातली प्रवाळं उष्णता सोसतात, हे ऐकायला इतकं सरळ वाटतं की कोणी तपासतच नाही. खरं उलट आहे. ती आधीच आपल्या सोसण्याच्या वरच्या टोकाला राहतात. नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा फक्त एक अंश जास्त, आणि ते काही आठवडे टिकलं, की पेशींतली शैवालं बाहेर टाकून ती पांढरी पडतात. १९९८ ला, २०१६ ला जगभर हेच झालं, आणि एप्रिल २०२४ मध्ये चौथी जागतिक लाट जाहीर झाली. टाकीत पाणी २४ ते २७ अंशांत ठेवायचं असतं. मे महिन्यात रत्नागिरीत दुपारी खोलीत ३३ अंश, त्यात दिवा आणि मोटार आपली एक-दोन अंशांची भर घालणार.

पुण्याचे मित्र सांगतात, टाकीवर छोटा पंखा लाव, तीन-चार अंश उतरतं. पुण्यात उतरतं. पंखा पाणी थंड करतो ते वाफ होऊ देऊन, आणि आपल्या हवेत आणखी वाफेला जागाच नसते. ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर पंखा कितीही फिरवा, पाणी साधारण २८ च्या खाली जाऊच शकत नाही. दोरीवरचे कपडे दुसऱ्या दिवशीही ओले असतात त्या घराला हे वेगळं समजवायला नको. म्हणजे चिलर, टाकीचं पाणी गार करणारं यंत्र, आलाच, किंवा टाकीच्या खोलीत दिवसभर एसी. चिलर गरम हवा त्याच खोलीत सोडतो, त्यामुळे त्याला खिडकीजवळ जागा द्या. टाकीला नव्हे.

कारण खिडकीतलं ऊन टाकी तापवतं आणि काचेवर हिरवं शेवाळ पिकवतं. मऊ कोरलांना मध्यम ताकदीचा निळसर एलईडी रोज आठ तास पुरतो.

विजेचा हिशेब मेसेजमध्ये नाहीच. पहिल्या वादळी पावसात लाइट गेली की मोटार थांबते, पाणी हलायचं थांबतं, आणि गरम पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. चिलर इन्व्हर्टरवर चालवायच्या भानगडीत पडू नका. फक्त एक पॉवरहेड, म्हणजे पाणी हलवणारी छोटी मोटार, बॅटरीवर चालू राहील एवढी सोय करा. ती चिलरच्या आधी घ्या.

वाळूबद्दल फार लिहायला नको. पुळणीवरची बरीच वाळू सिलिका, रत्नागिरीच्या बाजूला तर काळं इल्मेनाइट मिसळलेली. इल्मेनाइट म्हणजे लोह आणि टायटॅनियम. शिवाय किनाऱ्यावरची वाळू उपसायला सीआरझेडची (किनारपट्टी नियमन क्षेत्राची) बंधनं आहेत. पाकिटातली अरागोनाइट (चुनखडीची) वाळू घ्या किंवा तळ मोकळाच ठेवा, पुष्कळ जण ठेवतात. खडपावरच्या दगडाचं दुखणं वेगळं: त्याला चिकटलेली कालवं घरी येईपर्यंत मरतात आणि टाकीत सडतात. कोरडा सच्छिद्र दगड किंवा सिरॅमिकचा दगड घ्या.

उरले पंधरा दिवस. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जीवाणू दगडावर बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले जीवाणू घातले तर काही दिवस वाचतात, टप्पा वाचत नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत टाकीत जीव सोडायचा नाही. त्यानंतर डायटम या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर येतो, मग हिरवं शेवाळ, आणि नेमक्या याच वेळी लोक घाबरून औषधं ओततात. काही ओतू नका. पाणी बदलत राहा, चार-सहा गोगलगायी सोडा.

कोकणात सुरुवात दसऱ्याच्या सुमाराला करावी. पाऊस ओसरलेला असतो, वीज त्यातल्या त्यात टिकते, आणि नोव्हेंबर सरेपर्यंत जीवाणू बसतात. डिसेंबरात एखादा मशरूम, जानेवारीत झोआचा एक फ्रॅग. मार्चला पारा चढायच्या आत चिलर लावून आठवडाभर चालवून बघा, म्हणजे काही बिघडलं तर दुरुस्तीला वेळ राहील. मेमध्ये चिलर दुरुस्त करणारा माणूस मिळत नाही, तो आंबे उतरवायला गेलेला असतो.