बारदानासकट

गुरुवारची गोष्ट. आज रविवार, तरी जेवता जेवता मध्येच आठवते आणि भाकरीचा घास हातातच राहतो.

एका कार्यालयाचा ऑनलाइन अर्ज भरायचा होता. कार्यालय कुठलं ते विचारू नका, अर्ज अजून त्यांच्याच ताब्यात आहे. मुदत शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. दोन पानं बिनबोभाट भरली, तिसऱ्यावर ‘पुढे जा’ दाबलं आणि लाल अक्षरांत उमटलं : ‘आपला ब्राउझर कालबाह्य आहे. कृपया क्रोमची नवीन आवृत्ती वापरावी.’

मी क्रोममध्येच होतो. आणि तो त्याच सकाळी स्वतःहून नवा होऊन बसला होता.

आता यात एवढं चिडण्यासारखं काय, असं कुणाला वाटेल. तर मी सांगलीच्या विश्रामबागेत बसून १९ वर्षं लोकांच्या वेबसाइट करून देतो. ‘नियमाप्रमाणे लिहा, मग कुठल्याही ब्राउझरात चालेल’ हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की बायको ते माझ्या आवाजात म्हणून दाखवते. अशा माणसाला कालबाह्य म्हणायचं म्हणजे पैलवानाला तालमीच्या दारातच ‘बाळ, घरी जा’ म्हणण्यातला प्रकार.

कारण पाच मिनिटांत सापडलं. मार्च २०२२ मध्ये क्रोम शंभराव्या आवृत्तीला पोचला, पाठोपाठ मे महिन्यात फायरफॉक्स. आकडा तीन अंकी होणार, आपापल्या साइट तपासून घ्या, हे दोघांनीही आधीपासून सांगितलं होतं. या अर्जाच्या कर्त्यानं ते ऐकलं नव्हतं. त्याचा अर्ज आवृत्तीचे पहिले दोनच अंक वाचायचा. माझा एकशे चाळीस तिथे चौदा झाला. चौदावा क्रोम २०११ सालचा. कालबाह्य म्हणाला ते त्याच्या हिशेबानं बरोबरच होतं.

हेल्पलाइनवरच्या बाई म्हणाल्या, “सर, एक्सप्लोररमध्ये उघडा.” इंटरनेट एक्सप्लोरर १५ जून २०२२ ला सेवानिवृत्त झाला, ही बातमी तिकडे पोचली नव्हती. तरी एज या मायक्रोसॉफ्टच्याच नव्या ब्राउझरच्या पोटात त्याचा जीव राखून ठेवलाय, निदान २०२९ पर्यंत सांभाळायचा शब्दही कंपनीनं दिलाय. एखादं पान त्या जुन्या रीतीनं उघडायची परवानगी तीस दिवसांची मिळते. घेतली. पान उघडलं आणि म्हणालं, ‘कृपया क्रोम वापरावा.’

मग मी शहाणपणा केला. ब्राउझरला खोटं नाव सांगायला लावता येतं. माझ्या क्रोमला ‘मी ९९’ असं म्हणायला लावलं. तिसरं पान ओलांडलं. चौथ्यावर : ‘संशयास्पद हालचाल आढळली. आपले खाते २४ तासांसाठी बंद करण्यात आले आहे.’

राहिलं गणपती पेठेतल्या बोळातलं दुकान. झेरॉक्स, लॅमिनेशन, सगळे ऑनलाइन अर्ज, आणि एका कोपऱ्यात भडंगाचे पुडे. चालवणारा पोरगा पंचविशीचा, सगळे त्याला बाळू म्हणतात. त्याच्या स्क्रीनवर नऊ ब्राउझर ओळीनं मांडलेले होते आणि एकाखालीही ब्राउझरचं नाव नव्हतं. ‘पेन्शन’. ‘विमा’. ‘हॉस्टेल’. ‘फक्त सही’. ‘टेंडर हात लावू नये’. एकाखाली नुसतंच ‘आई’.

“हे आई काय?”

“आई दुपारी कीर्तनं बघती त्यात. आपल्याला चालत न्हाई.”

हे दिसतं तेवढं सोपं नाही. क्रोमच्या दोन पक्क्या आवृत्त्या एका मशिनवर सरळ नांदत नाहीत, नवी आली की जुनीची गच्छंती. दोघी ठेवायच्या तर वेगळे फोल्डर, वेगळी प्रोफाइल, म्हणजे सेटिंग-पासवर्डांची आपापली पेटी. एकीच्या प्रोफाइलला दुसरीचा हात लागला की बोंब. फायरफॉक्सनं २०१९ साली, ६७व्या आवृत्तीपासून, प्रत्येकाला आपापलं प्रोफाइल देऊन ही सासू-सुनेची भांडणं बरीच मिटवली. बाळूला यातलं अक्षर ठाऊक नाही. एखादा अर्ज एखाद्या ब्राउझरात एकदा गेला, की तो ब्राउझर फोल्डरसकट उचलून तो पेनड्राइव्हवर ठेवतो, अपडेटची वाट बंद करतो आणि खाली अर्जाचं नाव घालतो. लोणच्याच्या बरण्यांना चिठ्ठ्या लावतात तसं.

तेच काम मी २००७ साली छाती फुगवून करायचो. एक्सप्लोरर ६ आला २००१ मध्ये आणि सातवा आला २००६ च्या ऑक्टोबरात. मधली पाच वर्षं कंपनी निवांत झोपलेली. विंडोजमध्ये एक्सप्लोरर एकच राहणार असा दंडक, त्यामुळे जुन्याच्या फायली वेगळ्या काढून तो शेजारी चालवायचा. चालायचा, पण कुणी वय विचारलं की थोरल्याचं सांगायचा. माझ्याकडे सात, गिऱ्हाइकाकडे सहा. तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्याची साइट केली होती. पारदर्शक पार्श्वभूमीचा सोनेरी बेदाणा, बघून जिभेला पाणी सुटावं असा. सहाव्या एक्सप्लोररला ती पारदर्शकता कळायचीच नाही, तो तिथे राखाडी रंग फासायचा. व्यापाऱ्याचा फोन आला, “सायेब, माल चांगलाय, पण तुमच्या फोटूत बुरशी धरलीया.” तो बेदाणा मी बारा रात्री निवडला. पैसे मिळाले दिवाळीनंतर, तेही ‘बुरशीचे’ कापून.

असो. दुकानात एकच खुर्ची होती आणि तिच्यावर एक तात्या बसले होते. टोपी, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत नातवाच्या हॉस्टेलची कागदपत्रं. चाळीस वर्षं मार्केट यार्डात तोलाईदार म्हणून हळद तोललेली, हे त्यांनी मी काही विचारायच्या आत सांगितलं. त्यांचा अर्ज ‘हॉस्टेल’मध्ये गोल गोल फिरत होता, त्यामुळे त्यांच्यापाशी वेळच वेळ होता.

“तुमचं काय अडलंय?”

“ब्राउझरचं.”

“त्ये झालंच. पण भांडान काय हाय त्येंच्यात? पान एकच न्हवं?”

एवढा चांगला प्रश्न मला १९ वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं विचारला नव्हता. मी हुरळलो. समोरचाच कागद घेतला, चौकोन काढला आणि सांगायला लागलो, की बघा तात्या, पानावरची प्रत्येक गोष्ट एक चौकोन. आत मजकूर, भोवती थोडी मोकळी जागा, मग किनार. आता मी म्हटलं, चौकोनाची रुंदी ५० धर. तर जागतिक नियम असा, की ५० म्हणजे नुसता मजकूर, बाकीचं त्याच्या वर. आणि जुना एक्सप्लोरर म्हणायचा, ५० म्हणजे किनारीसकट सगळं...

तात्यांनी हात वर केला. “थांबा. म्हंजे बारदानासकट का बारदान सोडून.”

मी गप्प झालो.

“पोतं काट्यावर चढीवलं. काटा ५० दावतोय. बारदान धरा एक किलू. तुमच्या एक्सपुल्याच्या हिशोबानं हळद भरली ४९. आन् नियमवाल्याच्या हिशोबानं हळद ५०, काटा दावनार ५१. ह्येच न्हवं?”

“हेच.”

“आवो मग पट्टीवर लिवायचं की, ‘बारदानासकट’ म्हनून! शेतकऱ्याला कळतंय, अडत्याला कळतंय. तुमच्यात न्हाई व्हय लिवत?”

लिहितात. हीच तर खरी दुखरी जागा. पुढे नियमातच तशी सोय झाली. एका ओळीत सांगायचं, की माप किनारीसकट धर, आणि आज आम्ही जवळजवळ प्रत्येक साइटवर ती ओळ पहिल्यांदा घालतो. म्हणजे ज्या रीतीसाठी एक्सप्लोररला मी आयुष्यभर शिव्या घातल्या तीच रीत हल्ली मी हौसेनं वापरतो. हे तात्यांना सांगायची काही गरज नव्हती. पण सांगून बसलो.

“मग येवडी वर्सं भांडला कशापायी?”

याला उत्तर नव्हतं. मी विषय बदलला. म्हटलं, तात्या, पण हे ब्राउझर खोटारडे किती बघा. साइटनं ‘तू कोण’ विचारलं, की क्रोम आधी म्हणतो मी मोझिला, मग ॲपलवेबकिट, मग गेकोसारखा, मग क्रोम, आणि जाता जाता सफारी. नव्वदच्या दशकात चांगली पानं फक्त मोझिलाला, म्हणजे तेव्हाच्या नेटस्केपला, वाढली जायची. मग एक्सप्लोररनं तेच नाव लावलं, त्याच्यामागून आलेल्यांनी आपल्या आधीच्यांचं लावलं, आणि ते आजतागायत कुणी काढलेलं नाही.

“हां. राजापुरी,” तात्या म्हणाले.

“म्हणजे?”

“सौद्याला ढीग लागला की ज्यो त्यो राजापुरीच म्हनायचा. परपेठचा माल आसला तरी राजापुरी. का, तर राजापुरीला भाव.” त्यांनी माझ्या कागदावरच बोटानं हळकुंड मोडल्यासारखं केलं. “आमी काय करायचू? नाव इचारायचूच न्हाई. मोडून बघायचू. आतला रंग सांगतोय.”

यावर मी खरोखर हात जोडले. ब्राउझरचं नाव विचारू नये, त्याला काय येतं ते तपासून बघावं, हे आमच्या धंद्यात शिकायला आणि शिकवायला लोकांची हयात गेली. त्या कार्यालयाच्या अर्जानं नाव विचारलं, आकडा विचारला, त्यातलाही अर्धाच ऐकला. एवढा पगार घेऊन त्यांना जे जमत नाही ते हा माणूस खुर्चीत बसून, भडंगाचे बकाणे भरत सांगत होता. आणि तिथे जाऊन ऐकवायची सोय नाही. तक्रारीचा अर्जसुद्धा त्याच साइटवर, तोही तिसऱ्या पानाच्या पुढे.

एवढ्यावर उठलो असतो तर बरं झालं असतं. पण बाळूनं नवं खातं काढून माझा अर्ज ‘पेन्शन’मध्ये घातला, पान फिरायला लागलं, आणि तात्या त्याला म्हणाले, “बाळ्या, ह्ये पावनं वेबसाइटी करत्यात. तेंची लाव की जरा बघू. नातवाच्या दुकानाची करायची हाय.”

बाळूनं मला नाव विचारलं आणि तिथंच, ‘पेन्शन’मध्ये, माझी स्वतःची साइट उघडली.

एक शब्द खोटा सांगत नाही. ती साइट म्हणजे माझा जीव. एकूण एक नियम पाळलेला, तपासनीसात एक चूक निघत नाही. फक्त तिच्यात मी हौसेनं पानाच्या मांडणीचे नियम एकाच्या पोटात एक लिहिण्याची नवी पद्धत वापरली होती. ती क्रोमला २०२३ साली, ११२व्या आवृत्तीपासून कळायला लागली. ‘पेन्शन’ निघाला ८७. त्याला माझे निम्मे नियम कळलेच नाहीत. त्यानं ते सोडून दिले. माझा फोटो स्क्रीनभर पसरला, खाली पत्ता, पत्त्यावर फोन नंबर चढलेला, आणि सगळ्यात तळाशी, डाव्या अंगाला, काळ्यावर पांढरं : ‘कुठल्याही ब्राउझरात देखणी दिसणारी वेबसाइट’.

मागं रांगेत दोन बाया आणि एक कॉलेजचा पोरगा उभा होता. पोरगा हसला. बाया हसल्या नाहीत, त्यांनी माझ्याकडे बघितलं. हसल्या असत्या तर चाललं असतं.

“हा ब्राउझर जुना आहे,” मी म्हणालो.

म्हणालो आणि कानाला कळलं, की दुपारपासून हे वाक्य कुणाचं होतं.

तात्या बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले. मग माझ्या नाकावर, तिथे ते वीतभर झालेलं, बोट ठेवून हळूच म्हणाले, “माल बरा आसंल ओ. पर पोतं उसावलंय.”

मी समजावायला गेलो. म्हटलं, तात्या, पंधरा-सोळा वर्षं मी एक्सप्लोररच्या सहाव्यासाठी, सातव्यासाठी, आठव्यासाठी वेगळी ठिगळं लावली, आता कुठे जरा मोकळा श्वास घेतो, लोकांनी नवीन वापरायला काय होतं? आवाज चढला असावा, कारण बाळूनं पंखा वाढवला. तात्या म्हणाले, “व्हय व्हय.” आमच्याकडे ‘व्हय व्हय’ दोनदा म्हटलं की विषय संपलेला असतो. नातवाच्या दुकानाचं त्यांनी परत काढलं नाही. मीही नाही.

पावणेसहाला माझा अर्ज गेला. बाळूनं पावती छापायला टाकली आणि म्हणाला, “७० रुपये.”

“बोर्डावर ५० आहे.”

“५० अर्जाचे. २० ब्राउझरचे. जुना ठेवायचा म्हंजे जागा लागती.”

खुर्चीतून आवाज आला, “बारदानासकट.”

दिले. पावती हातात आली. माझं आडनाव कऱ्हाडे. या ‘ऱ्या’नं मला शाळेपासून छळलंय, आणि संगणकात तो दोन तऱ्हांनी टाइप होतो, डोळ्यांना एक दिसतो, यंत्राला दोन. पावतीवर छापलं होतं ‘कर्हाडे’. रेफ ‘हा’च्या डोक्यावर चढून बसलेला.

बाळूनं पावती उजेडात धरली. “ह्ये चालणार न्हाई. नावाची दुरुस्ती घालावी लागंल.”

“मग घाल.”

त्यानं नऊ चित्रांवरून माउस फिरवला, ‘पेन्शन’वरून, ‘विमा’वरून, ‘टेंडर’वरून, आणि शेवटच्यावर येऊन थांबला.

“दुरुस्ती आईच्यात उघडती. पर आत्ता कीर्तन चालू आसंल. सकाळी या.”