उंची बघून सेंटर निवडणाऱ्यांनो, समोरची टीम पण बघा की जरा

आज बास्केटबॉल टीम सिलेक्शनच्या चर्चेत सेंटरचा, म्हणजे बास्केटजवळ खेळणाऱ्या मोठ्या गड्याचा, विषय निघाला. एक साहेब म्हणाले, "सहा फूट सहा इंच आहे ना पोरगा? मग विचार कसला करताय, घ्या." झालं, विषय संपला. समोरच्यांचा बिग (मोठा गडी, बहुतेक सेंटरच) आत पाठीनं रेटत पोस्ट-अप करतो का बाहेरून तीन पॉइंटचा थ्री मारतो, आपल्या गार्डना, म्हणजे बॉल चालवणाऱ्यांना, लांबून शूटिंग जमतं का, कोणी विचारलंसुद्धा नाही. टेप लावली, सेंटर ठरला. डोकं फिरलंय माझं म्हणून लिहितोय.

कॉलेजची सेमीफायनल आठवते मला. आमचा सेंटर असाच ताडमाड. समोरचा बिग चांगला बुटका होता, पण स्क्रीन लावायचा (डिफेंडरच्या वाटेत उभा राहून आपल्या गार्डला मोकळं करायचा) आणि आत पळायच्या ऐवजी बाहेर सरकून थ्री मारायचा. आमचा गडी बास्केटखालीच, कारण त्याला तेवढंच शिकवलेलं, आणि बाहेर गेला की मागून कोणीतरी घुसून रिंगजवळून सोपा लेअप. बेंचवर एक दणकट फॉरवर्ड बसलेला, स्विच होऊन (डिफेन्समध्ये माणसं बदलून) चपळ गार्ड वाट्याला आला तरी टिकणारा. कोचनी शेवटपर्यंत त्याला उठवलं नाही!

आणि मोठ्या मोठ्यांचंही हेच होतं. अमेरिकेच्या एनबीए लीगचे २०२१ चे प्लेऑफ्स, यूटा विरुद्ध क्लिपर्स. यूटाचा सेंटर गोबेर त्या वर्षीचा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर. क्लिपर्सनी सरळ बातुम या फॉरवर्डला सेंटरला खेळवलं, पाचही जण थ्री मारायला बाहेर. गोबेर रिंग सांभाळायला आत थांबणार आणि कोपऱ्यात क्लिपर्सचा टेरन्स मॅन मोकळा. सहाव्या गेमला ३९ पॉइंट ठोकले त्यानं, यूटाची २५ ची लीड गेली, सीझन संपला. लोक अजून गोबेरला हसतात. अरे, यूटाचे गार्ड पहिल्याच ड्रिबलला बीट होत होते, एकटा काय काय करेल तो? हां, एवढ्या छोट्या लाइनअपकडून आत पॉइंट वसूल करता आले नाहीत, तेवढं खरं.

उलट लेकर्स बघा, २०२०. समोरच्या ह्यूस्टननी आपला सेंटर कपेलाला विकून साडेसहा फुटांच्या आतल्या टकरला सेंटर केलेला, तर सिरीज सरकत गेली तसं लेकर्सनी मॅकगी-हॉवर्ड या आपल्या उंच सेंटरना बसवलं आणि फॉरवर्ड डेव्हिसला सेंटरला आणलं. पुढच्याच सिरीजला समोर डेन्व्हरचा दांडगा सेंटर योकिच, की हॉवर्ड परत, चौथ्या गेमला तर स्टार्ट. माणूस तोच, उंची तीच! चॅम्पियन झाले ते.

मान्य, उंची शिकवता येत नाही आणि छोटी टीम रिबाउंडला (हुकलेला बॉल पकडायला) मार खाते. पुढे.

आपल्या गार्डना शूटिंग येत नसेल तर शूट न करणारा बिग घेऊन करणार काय, समोरचे पाचही जण पेंटमध्येच, म्हणजे बास्केटखालच्या चौकोनातच, बसणार ना. गार्ड पिक अँड रोलवाला (बिगच्या स्क्रीनचा फायदा घेऊन खेळणारा) असेल तर रोल करून वर झेपावणारा हवा. आमच्या त्या सेंटरला मॅचभर एक धड लॉब (रिंगजवळ उंच टाकलेला पास) मिळाला नाही, टाकणाराच कोणी नव्हता टीममध्ये. आणि हरल्यावर सगळे त्याच्यावरच, "एवढा उंच असून काय उपयोग." टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेला, कोणाशी बोलेना. चांगला पोरगा होता हो. आत खेळणारा बिग समोर असता तर त्यानंच मॅच काढली असती. पुढच्या वर्षी ट्रायलला आलाच नाही तो.

आणि कमेंटमध्ये योकिच आणू नका प्लीज. पासिंग, शूटिंग, पोस्ट सगळं असलेला माणूस कुठल्याही टीमला चालतो, त्याला मॅचअप बघून निवडायची वेळच येत नाही. तसा एखादा सापडला तर कमेंट नको, डायरेक्ट फोन करा मला.