निर्धोक पहिला सीझन कसा काढावा

अभिनंदन. मुलांसाठी विनोदी साहसी कार्टून मालिका काढायचं काम अखेर तुमच्या गळ्यात पडलं. चॅनेलला सव्वीस भाग हवे आहेत, अकरा-अकरा मिनिटांचे. तुमच्याकडे आहे वहीच्या शेवटच्या पानावर काढलेला एक मुलगा, त्याच्याशेजारी कुत्रा की बटाटा हे नक्की न ठरलेला एक प्राणी, आणि 'हे दोघं निघतात' एवढं एक वाक्य. भांडवल म्हणून हे पुष्कळ झालं. खरं तर जरा जास्तच झालं, आणि त्यातलं काय काय काढून टाकायचं एवढंच मी सांगणार आहे.

एक गोष्ट आधीच गाठीशी बांधून ठेवा. पहिला सीझन हाताबाहेर जातो तो पैसे कमी पडले म्हणून जात नाही. करणाऱ्यांना मध्येच गंमत यायला लागते, आणि मग ते मीटिंगमध्ये न ठरलेलं काहीतरी करून बसतात.

तेव्हा सुरुवात खेळण्यापासून करा. गोष्ट मागाहून सुचेल. नाही सुचली तरी कुणाचं अडत नाही. 'ही-मॅन' या अमेरिकन कार्टूनकडे बघा. त्याच्या बाहुल्या १९८२ साली बाजारात आल्या, मालिका आली १९८३ साली. नायक ज्या हिरव्या वाघावर बसतो तो वाघ कुणाला स्वप्नात वगैरे दिसला नव्हता. खेळण्यांच्या कंपनीकडे जुन्या बाहुल्यांच्या एका संचातला वाघाचा साचा पडून होता. नव्या बाहुल्यांशेजारी तो अवाढव्य दिसायला लागला, म्हणून त्याच्या पाठीवर खोगीर चढवलं. झालं वाहन! पहिल्या सीझनचे भाग किती? ६५. आठवड्याचे पाच दिवस गुणिले तेरा आठवडे. गोष्टीची लांबी अशी कॅलेंडरवरून ठरवता येते हे व्यासांना कुणी सांगितलं असतं, तर गणपतीचा बराच त्रास वाचला असता.

त्याच मालिकेत भाग संपताना कुणीतरी पडद्याकडे तोंड करून मुलांना बोध सांगत असे. वीस मिनिटं मारामारी आणि वर चिमूटभर बोध, हे प्रमाण पालकांच्या पचनी पडतं. बोध कोणता, याची फार चिंता करू नका. अमेरिकेत १९९० साली कायदा झाला की टीव्ही स्थानकांनी मुलांच्या शैक्षणिक गरजा भागवणारं काही दाखवावं आणि काय दाखवलं ते सरकारला कळवावं. काही स्थानकांनी कळवलं, आम्ही 'द जेटसन्स' हे भविष्यातल्या कुटुंबाचं कार्टून दाखवतो, त्यातून मुलांना एकविसाव्या शतकातल्या जीवनाची ओळख होते. म्हणजे उडत्या मोटारी आणि घरकाम करणारी यंत्रबाई. एकविसावं शतक पाव संपलं, त्या अभ्यासक्रमातला पहिला धडा अजून लागलेला नाही. पुढे १९९६ साली सरकारने आठवड्याला तीन तास असा आकडाच घालून दिला. आकडा आला की फार बरं असतं. घड्याळ लावलं की शिक्षण झालं.

नायकाला शाळेत घाला. यावर वाद नको. स्टीफन हिलेनबर्ग नावाचे गृहस्थ एके काळी समुद्री जीवशास्त्र शिकवत असत. ते समुद्राच्या तळाशी राहणाऱ्या पिवळ्या स्पंजाची मालिका घेऊन आले, तेव्हा चॅनेलचं म्हणणं अगदी सरळ होतं: मुलं शाळेत जातात, तर स्पंजानेही जावं. नोकरी करणारा, स्वतःच्या घरात राहणारा मोठा माणूस मुलांना काय कळणार? हिलेनबर्ग अडून बसले. शेवटी तडजोड म्हणून बोट चालवायची शाळा काढली, जिथे स्पंज परवान्यासाठी जातो आणि दर वेळी नापास होतो. १९९९ साली 'स्पंजबॉब' सुरू झाला आणि त्याची ती शाळा, त्या फुगून बसणाऱ्या मास्तरीणबाई, मुलांनी डोक्यावर घेतल्या. यातून धडा घ्या. सूचना अर्धवट पाळली की विनोद होतो. ती पूर्ण पाळा. आणि हो, त्याचं नाव आधी स्पंजबॉय होतं. ते फरशी पुसायच्या एका मॉपने आधीच नोंदवून ठेवलेलं निघालं. म्हणून नायकाचं नाव ठरवण्याआधी वकिलाला विचारा, आणि ठरल्यावर पुन्हा विचारा.

आता सगळ्यात घातक प्रकार: चुकून सुचणं. सीझन सुरू होण्याआधी एक जाडजूड दस्तऐवज करतात, त्यात जगाचे नियम, पात्रांचे स्वभाव, कोण कुणाला काय म्हणतं हे सगळं लिहिलेलं असतं. या धंद्यात त्याला बायबल म्हणतात. त्याचा दाखला देणारे पुष्कळ, वाचणारे थोडे. तुमचं बायबल इतकं जाड करा की नवीन कल्पना सुचलेला माणूस ते उघडून 'हे चालतं का' बघेपर्यंत त्याची कल्पना शिळी झाली पाहिजे. हे न केल्याने काय होतं ते 'ॲडव्हेंचर टाइम'मध्ये दिसलं. पेंडल्टन वॉर्ड यांची ती छोटी फिल्म २००७ साली इंटरनेटवर हातोहात पसरली. ज्या चॅनेलच्या घरची ती होती त्याने मालिकेला नकार दिला. दुसऱ्याने घेतली, आणि २०१० साली पहिला सीझन आला. भाग सव्वीस. एक मुलगा, एक पिवळा कुत्रा, मिठाईची माणसं, एक बर्फाचा राजा. म्हणजे सगळं कसं गोड आणि विकाऊ.

मग एका भागात त्यांनी पाण्यात तरंगणाऱ्या बर्फात गोठलेली सुटाबुटातली माणसं घातली. बर्फ वितळतो, ती बाहेर येतात आणि तोंडाने ऑफिसची भाषा. एवढीच कोटी. पण सूट आले कुठून? म्हणजे या मिठाईच्या राज्याआधी इथे ऑफिसं होती? म्हणजे हे आपलंच जग? मग त्याचं झालं काय? ही दुनिया महाविनाशानंतरची आहे हे त्या भागापासून ठरलं, असं पुढे वॉर्ड यांनीच सांगितलं. एका फुटकळ विनोदातून धागा निघाला आणि २०१८ पर्यंत उलगडत राहिला. मुलं मोठी झाली तरी बघत बसली. वयोगट सहा ते अकरा ठरलेला असताना बाराव्या वर्षी कुणी बघत राहणं हा शिस्तभंग आहे. तुमच्या स्टुडिओत कुणी 'हे गंमत म्हणून टाकूया का' असं विचारलं, तर त्याला ताबडतोब बजेटच्या बैठकीला पाठवा.

चित्रांकडे वळू. सेकंदाला चोवीस फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरून ठेवलं तरी सेकंदाला बारा चित्रं. अकरा मिनिटांना ७,९२०. सव्वीस भागांना दोन लाखांवर. या आकड्यापुढे शहाणी माणसंही हात टेकतात. हॅना-बार्बेरा या कार्टून स्टुडिओने १९५० च्या दशकाच्या अखेरीस यावर तोड काढली ती योगी अस्वलाच्या गळ्यात. अंगावर दुसरं काही नसताना त्या अस्वलाला कॉलर आणि टाय कशाला, असा प्रश्न लहानपणी पडायला हवा होता. गळ्याशी रेघ आली की धड तसंच ठेवून नुसतं डोकं हलवता येतं, म्हणून. (ही खरीच अक्कलहुशारी आहे आणि मी तिला मनापासून मान देतो. पण त्या लोकांनी वाचलेला वेळ चुरचुरीत संवादांवर घातला. तुम्ही तो अहवालांवर घाला.) तुमच्या बटाट्याला तर मुळात मानच नाही. तो संपूर्ण स्थिर ठेवता येईल. निर्मात्याला तो यामुळेच सगळ्यात आवडेल.

विनोदाचं मात्र जपून. काही मालिकांत लेखक नुसती दोन-तीन पानांची रूपरेषा देतो आणि स्टोरीबोर्डवाले, म्हणजे दृश्यं चित्रांच्या ओळीत मांडणारे, चित्रं काढता काढता संवाद लिहितात. भयंकर पद्धत! हातात पेन्सिल असलेल्या माणसाला हसू आलं की ते थेट कागदावर उतरतं, मध्ये परवानगी घ्यायला कुणी नसतं. त्यापेक्षा पूर्ण पटकथा लिहून घ्या, ती पाच जणांना वाचायला द्या आणि प्रत्येकाला एकेक शब्द बदलायची मुभा द्या.

त्यानंतर काळ तुमचं काम करतो. विनोद वाचनाच्या दिवशी खोलीभर हशा पिकवतो. स्टोरीबोर्डवर चिकटवला की माणसं हसून मान डोलावतात. मग तीच चित्रं वेळेच्या हिशेबाने जोडून ॲनिमॅटिक होतो, तात्पुरते आवाज पडतात, तेव्हा 'हं, बरा आहे'. मग सगळं परदेशातल्या स्टुडिओकडे जातं, महिन्यांनी परत येतं, रीटेक होतात, रंग दुरुस्त होतात. तोवर तोच विनोद खोलीतल्या प्रत्येकाने साठ वेळा ऐकलेला असतो आणि कुणाच्या चेहऱ्यावरची रेघ हलत नाही. हीच वेळ. काढून टाका तो. 'बघणारं मूल तो पहिल्यांदाच ऐकणार आहे' अशी सबब पुढे येईल, तिकडे लक्ष देऊ नका. रिकाम्या जागी कुणाला तरी पाडा आणि खाली ढोलकाचा आवाज टाका. मध्ये दोन सेकंद शांतता राहिली असेल तर तीही भरून काढा. शांततेत मुलं विचार करतात आणि मग विचारायला लागतात.

आवाजाबद्दल एवढंच, की मुलाच्या पात्राला खऱ्या मुलाचा आवाज घेऊ नका. 'ॲडव्हेंचर टाइम'च्या मूळ फिल्ममधल्या मुलाला झॅक शाडाचा आवाज होता. मालिका सुरू होईपर्यंत त्याचा आवाज फुटला, म्हणून त्याच्या धाकट्या भावाला, जेरेमीला घेतलं. काही वर्षांत त्याचाही फुटला! तेव्हा त्या लोकांनी काय करावं? पात्रालाच मोठं होऊ दिलं. करारात अशी वाढ कुठे बसते? त्यापेक्षा जपानचा कित्ता गिरवा. १९३६ साली जन्मलेल्या मासाको नोझावा १९८६ पासून 'ड्रॅगन बॉल'च्या नायकाला, गोकूला, आवाज देत आहेत, तो पोरगा होता तेव्हाही आणि बाप झाला तेव्हाही. फक्त त्या हे काम जीव ओतून करतात. तेवढं टाळता येतं का बघा.

साहसी मालिका म्हटली की थोडी भीती दाखवावी लागते. थोडी म्हणजे कागदावर. राक्षस असावा, पण त्याला वाढदिवसाला कुणी बोलावत नाही म्हणून तो चिडलेला असावा, आणि शेवटी बोलावलं की विषय संपला. दोष कुणावर ढकलायचा ते मात्र आधीच ठरवून ठेवा. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागात स्फोटाच्या दृश्यात लाल-निळा प्रकाश सेकंदाला बारा वेळा लुकलुकला आणि ६८५ मुलांना इस्पितळात न्यावं लागलं. मालिका चार महिने बंद राहिली, चमकत्या प्रकाशाबद्दल नियम आले. ते योग्यच झालं. पण त्या भागातला स्फोट मालिकेच्या लाडक्या पिकाचूच्या विजेचा होता आणि घरी बसला तो पोरीगॉन नावाचा गरीब पाहुणा, कारण भाग त्याच्या नावाचा होता. मालिकेत त्याला पुन्हा मोठं काम मिळालं नाही. पिकाचू खेळण्यांच्या दुकानात होता ना! म्हणून सांगतो, तुमच्या बटाट्याची बाहुली आधी काढा. उद्या काही झालं तर बाहुली नसलेल्या पात्राला कुणी वाली नसतो.

प्रत्येक भागाच्या शेवटी सगळं होतं तसं करून ठेवा. घर जळलं तर पुढच्या भागात उभं, मैत्री तुटली तर जुळलेली, हात मोडला तर प्लास्टरचा पत्ता नाही. चॅनेल भाग कोणत्या क्रमाने दाखवेल याचा भरवसा नसतो. सातव्यात भेटलेला मित्र तिसऱ्यात जेवायला बसलेला असू शकतो. म्हणून कुणी कुणाला भेटूच नये, निदान लक्षात राहील असं.

एवढं सगळं नीट पार पडलं की चाचणी घेतात. एका खोलीत दहा-बारा मुलं बसवा, काचेपलीकडे अंधारात तुम्ही आणि चॅनेलची माणसं. मुलांना हसऱ्या-रडक्या चेहऱ्यांचे कागद दिलेले असतील. पडल्यावर हसतील, ढोलकावर हसतील, तुमच्या शेजारचे साहेब समाधानाने पेन खिशाला लावतील. भाग संपेल, दिवे लागतील, मुलं खाऊकडे धावतील. एक मुलगी तेवढी जागची हलणार नाही. त्या बटाट्याला मुलगा कड्यावर 'आलोच' म्हणून सोडून गेला होता आणि घाईत कुणी ते दृश्य कापायचं विसरलं होतं, त्याच्याबद्दल ती विचारेल, "तो अजून तिथेच थांबलाय का?"

गडबडून जाऊ नका. तिला दोन बिस्किटं जास्त द्या. शेऱ्याच्या रकान्यात लिहा, 'कथानकात संदिग्धता', आणि परत गेल्यावर बटाटा काढून टाका.