‘दुसरी डिस्क घ्या’ म्हणणाऱ्या वाचकाला उत्तर

नमस्कार.

कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर, म्हणजे सी सोडून दुसऱ्या कप्प्यात, असलेल्या फायलींची जादा प्रत (बॅकअप) महिन्याचे पैसे भरून गूगल ड्राइव्हवर, म्हणजे गूगलच्या सर्व्हरवर, ठेवता येते आणि दीड टीबी एका रात्रीत चढतो, असं मी ‘डी ड्राइव्हचं काय?’ या लेखात लिहिलं होतं. त्याखाली तुम्ही नाव न घालता चार ओळी लिहून गेलात. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून त्या इथे देतो (टीबी म्हणजे हजार जीबी, सिंक म्हणजे दोन्हीकडच्या फायली आपोआप सारख्या ठेवणं): “दीड टीबी एका रात्रीत चढतो? कधी चढवून पाहिलंय का साहेब? महिना ६५० रुपये भरत बसण्यापेक्षा वर्षभराच्या पैशात दुसरी हार्ड डिस्क येते. सिंकला बॅकअप म्हणू नका, इकडे डिलीट केलं की तिकडूनही जातं. आणि घरचे फोटो परक्याच्या सर्व्हरवर कशाला?”

आधी ते ‘साहेब’. मला आजवर साहेब म्हटलंय ते फक्त गॅस सिलिंडरवाल्याने, तेही दिवाळीच्या तोंडावर. तुमचं ‘साहेब’ त्या जातीचं नाही, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. चूक दाखवायची तर सरळ दाखवता येते. ‘कधी चढवून पाहिलंय का’ हा प्रश्न नसतो, तो टोमणा असतो.

बरं, चूक आहे आणि ती मान्य. माझ्या घरी अपलोडचा वेग ५० एमबीपीएस. म्हणजे सेकंदाला ५० मेगाबिट. ते मी मेगाबाइट धरले (एका बाइटमध्ये आठ बिट असतात) आणि आठ तासांचा हिशेब मांडला. खरे तास होतात सदुसष्ट, म्हणजे पावणेतीन दिवस. आकडा दुरुस्त केलाय. पण तीन दिवस मशीन चालू राहिलं म्हणून कुणाचं काय बिघडतं? लाइट गेली तरी अपलोड पुन्हा पहिल्यापासून सुरू होत नाही. अर्धवट राहिलेली एखादी फाइल सोडली तर बाकी जिथे थांबलं तिथून पुढे जातं.

आता ‘दुसरी हार्ड डिस्क येते’. हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. मला ते सहज वाचता आलं नाही.

२०२१ साली आमचं घर चिपळूणला होतं, बाजारपेठेजवळ, तळमजल्यावर. बॅकअपच्या बाबतीत मी स्वतःला फार शहाणा समजायचो. वडिलांच्या निगेटिव्ह मी तीन हिवाळे बसून स्कॅन केल्या होत्या. आत्याच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या, आणि ती तर तोवर गेलेलीही होती. हे सगळं कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हवर, त्याची प्रत एक्स्टर्नल डिस्कवर आणि निवडक भाग डीव्हीडींवर. पीटर क्रोग नावाच्या छायाचित्रकाराने रूढ केलेला ३-२-१ नियम तुम्हाला ठाऊक असेलच, तुम्हाला सगळंच ठाऊक दिसतंय. तीन प्रती, दोन प्रकारची माध्यमं, एक प्रत घराबाहेर. माझ्याकडे तीन प्रती होत्या. माध्यमंही दोन होती. घराबाहेर काही नव्हतं.

२२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी घरात आलं. आम्ही आईला आणि पासबुकांना वर नेलं, कपाटाकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. पाणी ओसरल्यावर ते उघडलं, तर डिस्क, डीव्हीडी आणि मूळ निगेटिव्ह एकाच गाळात. काही डीव्हीडी धुऊन चालल्या. दोन्ही डिस्क पुण्यात एका रिकव्हरीवाल्याला दाखवल्या. त्याने आत शिरलेला चिखल दाखवला आणि पैसे न घेता परत दिल्या. ओव्यांतल्या अकरा उरल्या.

तर साहेब, दुसरी डिस्क येते. ती ठेवता कुठे? बहिणीकडे ठेवा म्हणाल. ठेवली असती. पण दर महिन्याला रत्नागिरीला तिच्याकडे जाऊन डिस्क पिशवीत घालून आणायची, नवे फोटो चढवायचे आणि परत नेऊन द्यायची, हे तुम्ही किती महिने केलं असतंत? मी एक्स्टर्नल डिस्क घरातल्या घरात वर्ष-वर्ष जोडत नसे.

आणि तो लेख मुळात कुणासाठी होता? मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हचं फोल्डर बॅकअप चालू केलं की सगळा कॉम्प्युटर सुरक्षित झाला, असं समजणाऱ्यांसाठी. त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरलेले फोल्डर जातात, डी ड्राइव्ह आपोआप जात नाही. गूगल ड्राइव्हच्या डेस्कटॉप अ‍ॅपमध्ये मात्र डीवरचा कुठलाही फोल्डर जोडता येतो, एवढंच सांगायचं होतं. त्यावर तुम्ही चकार शब्द काढला नाहीत.

सिंकचं म्हणाल, तर तो शब्दांचा कीस आहे. डिलीट केलेली फाइल गूगल ड्राइव्हवर ३० दिवस कचरापेटीत राहते. महिनाभरात ज्याला पत्ता लागत नाही, त्याला ती फाइल नकोच असावी.

परक्याने फोटो पाहायला नको असतील तर क्रिप्टोमेटर या प्रोग्रॅमने फायलींना पासवर्डचं कुलूप लावून चढवा. कॉम्प्युटरवर तो फुकट आहे.

तुमची स्वतःची दुसरी डिस्क कुठे असते, ते तुम्ही लिहिलं नाहीत. कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात ना? सदुसष्ट तासांच्या दुरुस्तीखाली तुमचं नाव घालायला माझी हरकत नाही, फक्त पुढच्या वेळी ते लिहून या.