गायक दुरुस्त करून मिळेल

बिलावर लिहिलंय, ‘आवाज दुरुस्ती : ४०० रुपये’. आवाजाला काहीही झालेलं नव्हतं. माझ्या जुन्या टेपडेकचा उजवा स्पीकर मधूनच मुका होतो, लूज कॉन्टॅक्ट असेल, एवढंच सांगून मी तो नाशिकच्या मेन रोडजवळच्या बोळातल्या एका दुकानात नेला होता. टेस्टिंगला ‘व्हायोलेंट फेम्स’ची कॅसेट दिली आणि तिथून सगळं बिनसलं.

हा अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या तीन पोरांचा बँड. पहिला अल्बम १९८३चा, त्याचं नावही बँडचंच. गाणारा गॉर्डन गॅनो. यातली बरीचशी गाणी त्याने शाळेत असतानाच लिहिलेली. आवाज नाकातला, चिरका, रडकुंडीला आलेला. मला तो कॉलेजपासून आवडतो. घरात दुसऱ्या कुणाला आवडत नाही, तो वेगळा विषय.

गॅनो चार शब्द गायला नसेल तोच कारागिराने स्टॉप दाबलं.

“हेड गेलंय.” हेड म्हणजे टेपवरचा आवाज उचलणारा भाग.

“हेड चांगलं आहे. तो गातोच असा.”

“सगळे असंच म्हणतात साहेब,” तो म्हणाला आणि त्याने स्क्रू ड्रायव्हर उचलला.

दुकानात स्टुलावर एक काका बसले होते. त्यांचं तिथे काही काम नव्हतं. नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून रिटायर झालेत आणि संध्याकाळी इथे येऊन बसतात, हे त्यांनी मी न विचारताच सांगितलं. “आयुष्यभर डिफेक्टवाल्या नोटा बाजूला काढल्या. मला खोट लगेच कळते. लावा पुन्हा.”

कारागिराने लावलं. काकांनी डोळे मिटले.

“हा मागे डबा कोण बडवतोय?”

डबा नाही, टोपली. व्हिक्टर डिलोरेंझो नावाचा त्यांचा ड्रमर पूर्ण ड्रमसेट सहसा घेत नसे. एका ढोलावर पत्र्याची टोपली उपडी घालून तो वाजवायचा, आणि त्या प्रकाराला ‘ट्रान्साफोन’ असं भारदस्त नाव होतं. हे मी उत्साहाने सांगितलं.

“ढोल झाकून कशाला वाजवायचा? शेजारी तक्रार करतात?”

ज्या गावच्या ढोलाने दुसऱ्यांच्या गावच्या खिडक्या थरथरतात, तिथल्या माणसाला यावर काय सांगणार?

मग त्यांनी कव्हर मागितलं. कव्हरवर एक लहान मुलगी एका पडक्याशा घरात डोकावून बघतेय. काकांनी ते ट्यूबलाइटसमोर धरलं, तिरकं केलं, पालथं केलं. वॉटरमार्क शोधत असावेत.

“काय बघतेय ही?”

“आतलं दिसत नाही.”

“मग छापलं कशाला?” थोडं थांबून, “छपाई बरी आहे पण.”

एका गाण्यात झायलोफोन आहे. तो सुरू झाल्यावर काका खुलले. “हा जलतरंग चांगलाय!” मला आशा वाटली. तेवढ्यात गॅनो पुन्हा गायला लागला आणि काकांचा चेहरा पडला.

पण कहर पुढेच होता. एका गाण्यात गॅनो एक ते दहा मोजतो. काका बराच वेळ सभ्यपणे थांबले आणि म्हणाले, “अजून माइक टेस्टिंगच चाललंय. गाणं कधी लागणार?”

“काका, हेच गाणं. तो आपली दुःखं मोजतोय. आठावर आला की आठवं कशाचं, हेच विसरतो.”

“विसरतो? आणि तसंच बाजारात आणलं?”

“हो.”

“आमच्याकडे असली नोट तिथल्या तिथे रद्द. खर्च कुणी केला याचा?”

“ड्रमरच्या वडिलांनी. दहा हजार डॉलर उसने दिले.”

काकांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. “फेडले का?”

खरं तर मला त्यांना सांगायचं होतं की, अहो, रद्द करण्याजोगं जे जे आहे त्यावरच हा अल्बम टिकलाय. त्याच वर्षीच्या कितीतरी अल्बमांतले यंत्रांचे ढोल आणि सिंथेसायझर आज ऐकवत नाहीत. या पोरांकडे साधी गिटार, अकूस्टिक बेस आणि ती टोपली. जुनं व्हायला त्यात काही ठेवलेलंच नाही. १९८१मध्ये ते मिलवॉकीच्या ओरिएंटल थिएटरबाहेर रस्त्यावर वाजवत होते. आत ‘प्रिटेंडर्स’ या मोठ्या बँडचा कार्यक्रम होता. त्यांच्या गिटारवाल्याने यांना ऐकलं आणि त्याच रात्री यांना आत स्टेजवर थोडा वेळ वाजवायला मिळालं. आपल्या कालिदास कलामंदिराबाहेर तिघं असे उभे राहिले असते, तर ‘गाडी लावायचीय, सरका’ याशिवाय त्यांना काय ऐकू आलं असतं? पुढे हा अल्बम अमेरिकेच्या पहिल्या दोनशे अल्बमांच्या यादीत एकदाही न येता १९९१पर्यंत दहा लाख प्रतींवर गेला. एकाने दुसऱ्याला कॅसेट भरून दिली ती वेगळीच.

हे सगळं तोंडात होतं, पण तोवर कारागिराने हेडचा छोटा स्क्रू फिरवला होता. तो स्क्रू जरा हलला की हेडचा कोन बदलतो आणि वरच्या पट्टीतलं सगळं गायब होतं. गॅनो एकदम गोधडीतून गायल्यासारखा जाडाभरडा झाला.

“बघा, सर्दी गेली,” काका म्हणाले. कारागिराने बिल फाडलं.

आता घरातल्या सगळ्याच कॅसेटी गोधडीत आहेत. किशोरीताईसुद्धा. ही चेष्टा नाही, माझा संताप झालाय. पण भांडणार कुणाशी? टेपडेक उघडणारा माझ्या माहितीतला हा एकच उरलाय, हे त्यालाही ठाऊक आहे, म्हणून तर बिल असं. त्यात रस्ते सगळे खोदलेले, शालिमारला गाडी लावायला जागा नाही, आणि तो जड डेक छातीशी धरून गर्दीतून चालताना लोक ‘भंगारवाले का?’ असं विचारतात. एकाने भावही सांगितला.

काल फोन केला. म्हटलं, उजवा स्पीकर अजून बंदच आहे.

“उजवा? ते तुम्ही बोलला नव्हता साहेब. घेऊन या. टेस्टिंगला चांगली कॅसेट आणा फक्त.”

मागून काकांचा आवाज आला, “त्यांना विचार रे, त्याला आठवं आठवलं का!”